उधाण, पगार आणि शनिवार

कुणाचा धंदा कसा चाललाय हे त्याला विचारून कळत नाही. 'चाललंय बरं' हे उत्तर ठरलेलं. त्याची पिग्मी बघावी. रोज शंभर भरणारा पन्नासावर आला, मग 'वहिनी, उद्या बघू' म्हणायला लागला, की काय ते समजतं. एखादा गाजावाजा न करता पन्नासाचे दोनशे करतो, तेव्हाही समजतं. थळ बाजारापासून कोळीवाड्यापर्यंत आणि तिथून वायशेतच्या बाजूला अशी माझी फेरी असते. पतसंस्थेची दैनिक ठेव, म्हणजेच पिग्मी, गोळा करणं हे माझं काम. लग्न होऊन इथे आले, मुलगी शाळेत जायला लागली आणि मी ही पिशवी खांद्याला लावली. आता ती मुलगी नोकरीला आहे. एवढ्या काळात या रस्त्यावर कोण टिकलं, कोण गेलं, कुणाच्या जागी कोण आलं, ते सगळं मी गल्ल्यासमोर उभी राहून पाहिलं.

पिग्मीची कल्पना उडुपीची. 1928 साली डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, घरोघर माणूस पाठवून दोन-दोन आणे जमा करायला सुरुवात केली. हातावर पोट असणारा माणूस बँकेत येत नाही, तर बँकेने त्याच्याकडे जावं, असा साधा विचार. आपल्याकडे पतसंस्थांनी तो गावोगाव नेला. थळमध्ये तो रुजला कारण इथला पैसाच रोजचा होता. सकाळी होडी लागली की दुपारी पैसा हातात. संध्याकाळपर्यंत तो खर्चून जाऊ नये म्हणून दारात मी.

तो रोजचा पैसा आता आठवड्याचा झाला आहे. थळच्या बाजारात नवं काय आलं असं कुणी विचारलं तर कॅफे आले, बंगले आले, इस्टेट एजंट आले, असं लोक सांगतात. ते खरंच आहे. पण माझ्या वहीत सगळ्यात मोठा बदल दिसतो तो वारांचा. दुकानं नंतर बदलली, वार आधी बदलले.

थळ अलिबागपासून चार-पाच किलोमीटर. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरीचे किल्ले, पाठीशी खत कारखान्याचे मनोरे, मधे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतून जाणारा अरुंद रस्ता. मी काम धरलं तेव्हा इथल्या धंद्याला दोन पंचांगं होती. एक समुद्राचं, एक कारखान्याचं.

समुद्राचं पंचांग मला कोळीवाड्यातल्या बायकांनी शिकवलं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला जोर, डोलीच्या जाळ्यात बोंबील, मांदेली, जवळा, जे काही असेल ते. अष्टमी-नवमीकडे भांग. पाणी मंद, जाळं हलकं. सुरुवातीला मी रोज ठरल्या वेळेला जायची. एका मावशीने मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आज भांग हाय गो बाय, म्हावरा नाय. उधानाला ये." त्यांचा हिशेब चोख असायचा. भांगाचे दिवस कोरे सोडायच्या आणि उधाणाला सगळ्या दिवसांचे एकदम भरायच्या. कमरेच्या बटव्यातून ओलसर नोटा निघायच्या, एकेक सुटी करून माझ्या हातात यायची. माझ्या पिशवीला मासळीचा वास लागायचा आणि पतसंस्थेतला कॅशियर त्या नोटा पंख्याखाली वाळत टाकायचा. तेव्हापासून मी दिनदर्शिकेत तारखेआधी तिथी बघते.

कोळीवाड्याच्या तोंडाशी असलेलं दोरा-सुतळी, खिळे, डांबर, बुचं विकणारं दुकान, बर्फवाला, दाणेवाला, सगळे याच चालीने चालायचे. पावसाळ्यात दोनेक महिने मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत दाणेवाला नारळी पौर्णिमेच्या बोलीवर उधार द्यायचा. वलांडीवर वाळवलेले बोंबील आणि सुका जवळा विकून बायका घर आणि पिग्मी दोन्ही ओढायच्या. उधारीची वही लाल कापडाची होती. तिच्यावर घरंच्या घरं पावसाळा काढत.

दुसरं पंचांग आरसीएफचं. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी 1978 साली निघाली आणि थळचा कारखाना 1985 साली सुरू झाला. बॉम्बे हायचा वायू वापरून अमोनिया आणि युरिया करणारा, त्या काळात देशभर चर्चा झालेला प्रकल्प. जमिनी गेल्या त्या आसपासच्या गावांच्या, आणि प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न इथे अजून घराघरांत बोलला जातो. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. पण बाजारापुरतं सांगते. पगाराचा पहिला आठवडा म्हणजे थळची छोटी दिवाळी असायची. शिंप्याकडे कापड, सोनाराकडे भिशी, मिठाईवाल्याकडे पेढे, स्कूटरचा हप्ता. माझी पिग्मीही त्या आठवड्यात फुगायची. आणि वर्षातून एकदा शटडाऊन. कारखान्याच्या दुरुस्तीसाठी बाहेरून फिटर, वेल्डर, रिगर यायचे, गावात खोल्या घेऊन राहायचे. खानावळी तीन-तीन पंगती उठवायच्या. एका खानावळवाल्या काकूंनी शटडाऊनच्या पिग्मीवर मुलाचं आयटीआय पुरं केलं. तो पुढे त्याच कारखान्यात कंत्राटदाराकडे लागला.

1985 च्या आसपास विशी-पंचविशीत कामाला लागलेली माणसं आता निवृत्त झाली. कायम कामगारांच्या जागी कंत्राटी आले. पगार होतो, पण तो वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून वेगवेगळ्या तारखांना होतो, आणि तो घेणारा माणूस पेढ्यांच्या दुकानाकडे वळत नाही. पगाराचा आठवडा बाजारातून हळूहळू विरघळला. कोणत्या वर्षी, ते कुणाला सांगता येणार नाही.

तिसरं, शनिवार-रविवारचं पंचांग आलं ते मात्र डोळ्यांदेखत. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला लाँच आधीपासून होत्या. त्यांनी येणारा माणूस हातात पिशवी घेऊन उतरायचा. त्याला मिनीडोअर रिक्षा लागायची, भाजी लागायची, गादी-उशी लागायची, विसरलेला टूथब्रशही लागायचा. तो गावाचं गिऱ्हाईक होता. 15 मार्च 2020 ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. रस्त्याने शंभरावर किलोमीटर आणि तीन-चार तास, पाण्यावरून तासाभरात, आणि तेही गाडीसकट. दहा दिवसांत टाळेबंदी लागली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. नारळालाही तेवढीच. ज्याच्याकडे तेवढा दम नव्हता त्याने वाडी विकली. आणि नेमक्या त्याच काळात मुंबईच्या पैसेवाल्यांना मोकळ्या हवेतलं घर हवं झालं होतं. हे तीन धागे एकाच वर्षात एकत्र आले नसते तर थळ इतक्या वेगाने बदललं नसतं, असं माझं मत आहे.

रो-रोने येणाऱ्या गाडीची डिकी भरलेली असते. पाण्याच्या बाटल्यांपासून पावापर्यंत सगळं मुंबईहून. हा बारीकसा फरक, पण दाणेवाल्याच्या गल्ल्यात तो लगेच दिसला. येणारी माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि त्याची विक्री घटली. बाहेरून बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही. रस्त्यावर गाड्यांची रांग आणि दुकानात शुकशुकाट, हे चित्र शनिवारी सकाळी मी कितीदा पाहिलं आहे. वीस रुपयांवर येऊन त्याची पिग्मी थांबली. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याने गाळा भाड्याने दिला आणि लाल कापडाच्या वह्या घरी नेल्या. त्यांत बरीच येणी बाकी होती. ती त्याने सोडून दिली.

त्या गाळ्यात कॅफे आला. मुंबईतलं एक तरुण जोडपं, बोलायला चांगलं, कष्टाळू. भिंती पांढऱ्या केल्या, जुना लाकडी गल्ला तसाच ठेवला, बाहेर वेताच्या खुर्च्या. गावातल्या दोन मुलींना कामाला घेतलं आणि वेळेवर पगार दिला. माझ्याकडे त्यांनी पिग्मी उघडली तेव्हा रोज पाचशे म्हणाले. मी त्यांना शेजारी बसवून हिशेब मांडून दाखवला. वर्षाचे शनिवार-रविवार 104. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला, त्यांत बराच काळ गेटवेच्या लाँच बंद, बाहेरच्या खुर्च्या आत. ते वजा केले की उरतात सत्तरच्या आसपास दिवस. मे महिना, दिवाळी, नाताळ धरून आणखी थोडे. भाडं मात्र बारा महिन्यांचं, वीज बारा महिन्यांची, अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेवाढ. सत्तर-ऐंशी दिवसांत वर्ष उभं करायचं तर कॉफीचा भाव असा लागतो की गावातला माणूस आत पाऊल टाकणार नाही. आणि गावातला माणूस आला नाही तर सोमवार ते गुरुवार दार कुणासाठी उघडायचं?

ते दोघं ऐकत होते, वहीत लिहूनही घेत होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी कॅफे बंद केला. निघताना मुलींचा राहिलेला पगार आणि माझी पिग्मी दोन्ही चोख केलं. ते इथे काही ठेवून गेले नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या दोघींपैकी एक आता घरून केक करते. वाढदिवस, साखरपुडे, बारशी. गावात मंगळवारीही वाढदिवस असतो. तिची पिग्मी दिवसाला दीडशे आहे आणि ती चुकत नाही.

या नव्या चालीत ज्यांनी जम बसवला त्यांत मला सगळ्यात कौतुक वाटतं ते आमच्या परीटदादांचं. त्यांच्या वडिलांची कोळशाची इस्त्री होती. कंपनीतल्या साहेबांचे शर्ट, शाळामास्तरांची पँट. पुढे घरोघरी विजेची इस्त्री आली आणि धंदा पार बसला. आता सोमवारी सकाळी त्यांच्या दारात बंगल्यांचे केअरटेकर मोटारसायकलवर गाठोडी बांधून येतात. चादरी, अभ्रे, पोहायच्या टाकीवरचे जाड टॉवेल. प्रत्येक बंगल्याची खूण वेगळ्या रंगाच्या धाग्याने. आधी साध्या पाण्यात खारटपणा काढायचा, मग डाग बघून वेगळं करायचं, तेलकट क्रीमचे डाग सगळ्यात चिवट. मंगळवार-बुधवार धुलाई, गुरुवारी इस्त्री, शुक्रवारी दुपारच्या आत सगळं बंगल्यात. पावसात वाळवायची पंचाईत म्हणून त्यांनी आमच्या पतसंस्थेकडून कर्ज काढून मोठं यंत्र घेतलं. त्यांची पिग्मी बघितली तर सोमवार ते गुरुवार कोरा आणि शुक्रवारी आठवड्याचं एकदम. कोळणी उधाणाला भरायच्या, अगदी तस्संच.

दोरा-सुतळीच्या दुकानात आता क्लोरीनच्या बरण्या, बागेचे पाइप आणि पंपाचे सुटे भाग जास्त जागा अडवतात. सुतळी मागच्या फळीवर आहे, पण आहे. मासळीवाल्या मावशींची सून बंगल्याच्या स्वयंपाक्याला गुरुवारी फोन करून विचारते, पापलेट किती, कोळंबी किती, साफ करून की अख्खी. बंगल्याला सुरमई-पापलेट लागतं. डोलीत मिळणारे बोंबील-मांदेली अजूनही गावच खातं. एकाच टोपलीत दोन गिऱ्हाइकं सांभाळायला डोकं लागतं, आणि ते या बायकांकडे भरपूर आहे.

गंमत होडीवाल्यांची. खांदेरी शिवाजी महाराजांनी 1679 साली बांधायला घेतली. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत ती आहे. आता धक्क्यावर येऊन होडी विचारणारे वाढले. भांगाला जाळं हलकं येतं, होडी मोकळी असते, पाणीही नरम असतं. फिरायला न्यायचे खरे दिवस ते. पण पाहुणा तिथी बघून येत नाही, वार बघून येतो. भांग आणि शनिवार एकत्र पडले की होडीवाला खूश. उधाण आणि शनिवार एकत्र आले की त्याला निवड करावी लागते. एका तरुणाने मला सांगितलं की तो उधाणाला जाळंच धरतो, कारण मासळीचा व्यापारी त्याला बारा महिने ओळखतो. मला त्याचं पटलं.

वारांवरून एक आठवण सांगावीशी वाटते. ही कुणा एकट्याची नाही, किनाऱ्याची आहे. शेजारच्या नवगावला बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते लोक या भागात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बहुतेक कुटुंबं 1948 नंतर हळूहळू इस्रायलला गेली. एके काळी या किनाऱ्यावरचा तेलाचा धंदा शनिवारी थांबत असे, आणि आज इथला निम्मा धंदा शनिवारीच उभा राहतो. फेरी करताना हे कधी कधी मनात येतं.

या काळात माझं स्वतःचं कामही बदललं. 2010 च्या सुमारास जिल्ह्यातली एक मोठी सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा दारोदार मला लोकांना समजावत फिरावं लागलं. पावती दाखवा, ऑडिट दाखवा, तुमच्या संस्थेचं काय. लोकांनी विचारलं ते योग्यच होतं. त्यातून विश्वास पुन्हा बांधला. पुढे हातात पावतीचं मशीन आलं, मग मोबाइल. आता गल्ल्यात नोटाच कमी. काउंटरवर चौकोनी कोड चिकटवलेला, बाजूचा डबा पैसे आले की ओरडून सांगतो. पैसे थेट खात्यात जातात, मग पिग्मीला हातात काय द्यायचं? पुष्कळ जण म्हणतात, वहिनी, तुम्हीही कोड लावा. लावला. पण शेकड्याला तीन रुपये कमिशनवर चालणाऱ्या माझ्या कामात पैशापेक्षा जाणं महत्त्वाचं होतं. दारात उभी राहिले की कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला कर्ज हवंय, कोण सावकाराकडे निघालाय, हे कळायचं आणि त्याला वेळेवर थांबवता यायचं. कोड लावल्यावर पैसे येतात, माणूस भेटत नाही. म्हणून मी अजून फेरी सोडलेली नाही, पैसे फोनवर आले तरी दारात जाते.

एक गोष्ट मात्र मला खरोखर त्रास देते. काही बंगल्यांचा आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या व्हिलांचा हिशेब मुंबईतल्या ऑफिसातून होतो. नारळ उतरवणारा, बाग राखणारा, मासळी देणारी, टँकरवाला, यांची बिलं महिना, दोन महिने, कधी तीन महिने अडकतात. ऑफिसला ती रक्कम किरकोळ असते. इथे तेवढ्यासाठी माणूस पिग्मी मोडतो. मुदतीआधी खातं मोडायचा फॉर्म भरताना मी कारण विचारते, आणि हल्ली वारंवार एकच उत्तर येतं: बिल यायचंय. समुद्राने कोळ्याला उपाशी ठेवलं तरी भरतीची वेळ ठरलेली असते. या बिलांना तीही नाही.

बाजारातली पिठाची गिरणी गेल्या वर्षी बंद झाली. तिथे आता इस्टेट एजंटचं ऑफिस आहे, काचेच्या दारावर समुद्रकिनाऱ्याचे फोटो. गिरणीचा मालक म्हणाला, दळायला येतात ते पाच किलो घेऊन येतात, आणि गाळ्याचं भाडं मात्र बंगल्यांच्या भावाने. त्याचं खरं आहे. पण आता म्हाताऱ्या माणसाला दळण घेऊन मिनीडोअरने जावं लागतं. सायकलवाला, न्हावी, औषधांचं दुकान, गिरणी, शिंपी ही मंगळवारची दुकानं आहेत. शनिवारच्या गिऱ्हाइकाला त्यांची गरज नसते, इथे राहणाऱ्याला रोज असते. मंगळवारची दुकानं गेली तर थळ हे राहायचं गाव न उरता फक्त येऊन जायचं ठिकाण होईल. नव्या धंद्यांना माझा विरोध नाही. त्यांतले कितीतरी मी माझ्या हाताने खाती उघडून उभे राहताना पाहिले आहेत. जे टिकले ते सगळे एका पायाने शनिवारात आणि दुसऱ्या पायाने मंगळवारात उभे आहेत, एवढं मात्र मी वहीवरून सांगू शकते.

म्हणून गावातल्या माणसांना माझं सांगणं आहे: रस्त्यालगतचा गाळा विकू नका. भाड्याने द्या, आणि दोन गाळे असतील तर एक गावाच्या कामाच्या धंद्याला थोड्या कमी भाड्यात द्या. आणि मुंबईहून येणाऱ्यांनो, तुम्ही इथे घर घेतलंय म्हणजे तुम्हीही थळचेच झालात. तांदूळ, डाळ, भाजी, अंडी, नारळ इथून घ्या. डिकीत जागा ठेवून या. इथल्या माणसाने केलेल्या कामाचे पैसे, ऑफिसवर न ढकलता, त्याच दिवशी त्याच्या हातात द्या.